कॅन्सर अजून झालेला नाही, तरी इंजेक्शन द्यायचं का?

पारिजात: बाबा ७१ वर्षांचे. वर्षभर हिमोग्लोबिन १०.५ च्या वर जात नाही. लोह, बी-१२ ठीक. बोन मॅरो तपासला, कॅन्सर नाही. पण जनुकचाचणीत रक्तपेशींच्या टेट-२ या जनुकात बदल निघाला. रक्तपेशी कमी, जनुकात बदल, पण कॅन्सर नाही, अशा अवस्थेला डॉक्टर सीकस (CCUS) म्हणतात. दर तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची आणि थांबायचं. कशासाठी? एमडीएस (बोन मॅरोत रक्तपेशी नीट न बनण्याचा कॅन्सर) किंवा ल्युकेमिया होतोय का ते बघण्यासाठी.

अमेरिकेत व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची चाचणी हाती घेतली आहे. हे औषध कॅन्सरच्या पेशी मारत नाही. दाह पेटवणारा इंटरल्युकिन-१ बीटा हा शरीरातला घटक ते अडवतं. जनुक बिघडलेल्या रक्तपेशी हा घटक जास्त सोडतात. त्या दाहात निरोगी पेशी दबतात, बिघडलेल्या मात्र तग धरतात आणि वाढतात. हे चक्र आधीच तोडता येत असेल तर चाचणी व्हायलाच हवी. आपल्याकडेही.

कडुलिंब: ताई, तुमची घालमेल कळते, तरीही माझा विरोध आहे. याच औषधाची कॅन्टोस चाचणी १०,०६१ हृदयरुग्णांवर झाली, २०१७ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक घटले, पण जंतुसंसर्गाने मृत्यू औषध घेणाऱ्यांत जास्त झाले आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू घटल्यासारखे दिसले म्हणून केवढी आशा लागली होती! पुढे खास त्या कॅन्सरवर कॅनोपी नावाच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. आणि टीबीचा धोका असलेल्यांना कॅन्टोसमध्ये घेतलंच नव्हतं. आपल्याकडे छुपा टीबी किती जणांत असतो! ते आकडे इथे लावायचे कसे?

माळरान: मग हळदीच्या गोळ्या का नाहीत? तीही दाह कमी करते.

कडुलिंब: जेवणातली हळद खुशाल खा. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

रानवारा: मी रक्तविकार विभागात काम करतो. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. सत्तरीनंतर दहातल्या एकाहून जास्त जणांच्या रक्तात असे जनुकबदल सापडतात. रक्ताचे आकडे ठीक असतील तर त्याला चिप (CHIP) म्हणतात; त्यातून रक्ताचा कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का. त्यांना हे इंजेक्शन द्यायला मीही तयार होणार नाही. सीकसमध्ये रक्तपेशी आधीच घटलेल्या असतात आणि काही जनुकबदलांत पुढच्या काही वर्षांत आजार होण्याची शक्यता फार मोठी असते.

कॅनोपीचे रुग्ण कॅन्सर झालेले होते. इथला प्रश्न त्याआधीचा आहे. कॅन्टोसच्या साठवलेल्या नमुन्यांत टेट-२ बदल असलेल्यांना हृदयाच्या बाबतीत जास्त फायदा झाल्यासारखा दिसला. रक्तक्षय होण्याचं प्रमाणही औषध घेणाऱ्यांत कमी होतं. यावरून औषध लिहून देता येणार नाही, पण चाचणी करण्याइतकं बळ त्यात नक्की आहे.

कडुलिंब: हिमोग्लोबिन वाढलं म्हणजे कॅन्सर लांबला असं नाही. दाह कमी झाला की आकडा सुधारेल आणि खाली बिघडलेल्या पेशी तशाच वाढत राहतील, तर? शिवाय सीकसमध्ये पांढऱ्या पेशीही कमी असू शकतात. अशा माणसाची प्रतिकारशक्ती आणखी दाबायची?

रानवारा: म्हणूनच एका गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, द्यायचं, बिघडलेल्या पेशींचं प्रमाण मोजत राहायचं आणि पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर त्या रुग्णाला घ्यायचंच नाही. आपल्याकडे करायची तर प्रत्येकाची छुप्या टीबीची तपासणी आधी. कडुलिंब, हा मुद्दा तुमचाच, आणि मला तो पूर्ण मान्य आहे.

कडुलिंब: एवढं लेखी असेल तर चाचणीला माझा विरोध नाही. चाचणीबाहेर कोणी हे इंजेक्शन सुचवलं तर मात्र ताई, नाही म्हणा.

पारिजात: सगळे प्रतिसाद रात्री बाबांना वाचून दाखवले. टीबीचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "माझ्या आईला झाला होता. आम्ही एकाच खोलीत राहायचो." एवढ्या वर्षांत हे मला कधी कळलं नव्हतं आणि फाइलमध्येही कुठे नाही. सोमवारी डॉक्टरांना सांगते.