परदेशी जाताना औषधांची पिशवी: तुमचे अनुभव सांगा

रत्नागिरी

पुढच्या महिन्यात आईला घेऊन भावाकडे अबुधाबीला जायचंय. आई ७४ वर्षांची. साखर, बीपी, थायरॉईड, कंबरेतून पायात उतरणारी कळ आणि रात्री झोपेची अर्धी गोळी. औषधं ठेवते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. काल रात्री तो डबा चटईवर पालथा घातला तर पट्ट्यांचे अकरा तुकडे निघाले, त्यातल्या सहांवर नावच नाही. मेडिकलवाला १५ च्या पट्टीतल्या १० गोळ्या कात्रीने कापून देतो आणि नाव-तारखेचा कोपरा नेमका त्याच्याकडे राहतो. आई रंगावरून ओळखते, पण विमानतळावरचा माणूस कशावरून ओळखणार? आपल्या भागातून आखातात, बोटीवर, मुलांकडे अमेरिकेला जाणारे इतके आहेत. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चिपळूण

ताई, आधी त्या कळेच्या गोळीचं नाव बघा. मी १४ वर्षं दुबईत होतो. वडील पहिल्यांदा आले तेव्हा पाठदुखीच्या गोळ्या घेऊन आले. त्यात ट्रॅमाडॉल हे कडक वेदनाशामक होतं, हे ना त्यांना ठाऊक, ना मला. कस्टमला बॅग उघडली, गोळ्या बाजूला काढल्या आणि त्यांना एका खोलीत बसवलं. मी बाहेर चार तास उभा. प्रिस्क्रिप्शन खिशात होतं, पण ते अक्षर वाचणार कोण? शेवटी मणक्याच्या एमआरआयचा छापील रिपोर्ट त्यांच्या फाइलमध्ये सापडला. गोळ्या ठेवून घेतल्या आणि वडिलांना सोडलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. ते मी विसरलेलो नाही.

आपल्याकडे सर्रास लिहून दिलेली किती तरी औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. ट्रॅमाडॉल, कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम आणि शिरांच्या दुखण्यावरचं प्रीगाबॅलिन. हे शेवटचं फसवं आहे. मिथिलकोबालामिनबरोबर (म्हणजे बी-१२ व्हिटॅमिन) एकाच गोळीत येतं आणि लोक तिला ‘व्हिटॅमिनची गोळी’ म्हणतात. अशा औषधांसाठी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर निघण्याआधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. प्रिस्क्रिप्शन आणि आजाराचा रिपोर्ट जोडावा लागतो. साखर-बीपीची साधी औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात.

आणि खसखस! आई भावासाठी अनारसे, करंज्या करणारच. अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अनारशावरची नको आणि सारणातलीही नको.

देवगड

मुलगा न्यू जर्सीला. आम्ही दोघं दोनदा जाऊन आलो, ह्यांना २२ वर्षं इन्सुलिन आहे. पहिल्या खेपेची चूक लिहिते, कारण ती कुणाच्याही हातून होईल.

मे महिना, देवगडहून मुंबईपर्यंत रात्रभराची बस. इन्सुलिन गरम होईल या भीतीने मी थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या कोंबल्या आणि कुपी त्यांच्या मधोमध ठेवल्या. पोचल्यावर दोन दिवस ह्यांची साखर ३८० च्या खाली येईना. डोस वाढवला तरी नाही. तिथल्या फार्मसिस्टबाईंनी विचारलं, ‘बर्फाला चिकटून होतं का?’ गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही. दिसायला मात्र तसंच दिसतं. नवी कुपी आणल्यावर साखर उतरली. सामानाच्या बॅगेतही ते टाकू नका. विमानाच्या पोटात गोठायची भीती आहेच, आणि बॅग हरवली तर औषधही गेलं.

दुसऱ्या खेपेला इन्सुलिनचं चालू पेन साध्या कापडी पिशवीत पर्समध्ये ठेवलं. चालू पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकतं, फक्त ऊन आणि गाडीची तापलेली काच टाळायची. उरलेल्या कुपी टॉवेलमध्ये गुंडाळून, बर्फाला न टेकवता नेल्या. औषधांना १०० मिलीचा नियम नाही, पण तपासणीच्या पट्ट्यावर ठेवायच्या आधीच ‘इन्सुलिन आणि सुया आहेत’ म्हणून सांगायचं आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची.

डोसच्या वेळा मनाने ठरवू नका. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. आमच्या डॉक्टरांनी भारतातलं घड्याळ धरून कागदावर तास लिहून दिले. आणि विमानात जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीची सुई घ्यायची नाही. एकदा ह्यांनी जेवणाच्या गाड्याची चाहूल लागताच घेतली, तेवढ्यात हेलकावे सुरू झाले आणि वाढणं थांबलं. पर्समधल्या खडीसाखरेने वेळ निभावली.

अमेरिकेत साधारण तीन महिन्यांपुरतं औषध चालतं. सहा महिने राहणार असाल तर पुढची सोय आधी ठरवा. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं हवं. तेही पुरत नाही कधी कधी: आपलं पॅरासिटॅमॉल तिथे अ‍ॅसिटॅमिनोफेन, आपलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल.

हर्णै

मी बोटीवर आहे. साइन ऑन करायच्या, म्हणजे बोटीवर रुजू व्हायच्या आधी मेडिकल होतं, सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षांचं. बीपी निघालं तर नोकरी जाईल म्हणून मी गोळी चालू असल्याचं बोललोच नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या मोज्यात घालून नेल्या. काँट्रॅक्ट लांबलं, गोळ्या संपल्या, बंदर अकरा दिवस लांब. डोकं ठणकायला लागलं तेव्हा सेकंड ऑफिसरला खरं सांगितलं. बोटीच्या औषधपेटीत माझी गोळी नव्हती. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारून जी होती त्यातली दिली. पुढच्या मेडिकलला गोळीसकट गेलो. बीपी आटोक्यात होतं, म्हणून पास झालो. पोरांनो, लपवू नका. मधल्या समुद्रात दवाखाना नाही.

कुडाळ

बहीण जपानला शिकायला गेली. सर्दीच्या गोळ्या आईने भरल्या होत्या, त्या मी काढायला लावल्या. १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) असलेली औषधं तिथे नेताच येत नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं नेहमीचं औषध एक महिन्यापेक्षा जास्त न्यायचं असेल तर ‘युन्यू काकुनिन्शो’ हा दाखला आधी मागवावा लागतो.

म्हसळा

अम्मीला दमा. हजला नेलं तेव्हा मेनिन्जायटिसची लस पोचायच्या किमान दहा दिवस आधी घेतली होती, कागदपत्रं चोख होती. पण मक्केजवळ मिनाला, जिथे हाजींचे तंबू असतात, तिथे गर्दीत आमची चुकामूक झाली आणि पंप माझ्या पिशवीत. चाळीस मिनिटं. मी काय अवस्थेत तिला शोधली ते अल्लाला माहीत. एका तंबूच्या सावलीत बसलेली सापडली, ओठ निळसर पडलेले. त्या दिवसापासून पंप शिवलेल्या छोट्या थैलीत तिच्याच गळ्यात. आजाराचं नाव, औषधाचं नाव, माझा नंबर अरबी आणि इंग्रजीत लिहून त्याच थैलीत. औषध ज्याचं, त्याच्याच अंगावर हवं.

वेंगुर्ला

सासूबाईंनी गुडघ्यासाठी वैद्यांची चूर्णं कागदी पुड्यांत बांधून घेतली होती. मी म्हटलं, पुडीवर नाव नाही. त्या म्हणाल्या, ‘गो, माका नाव ठावक आसा ना!’ शेवटी वैद्यांकडूनच सीलबंद डब्या आणि त्यांचं पत्र घेतलं. आता मी पाकीट उघडायला गेले की त्याच म्हणतात, ‘ता फाडू नको, नाव जातला.’

अलिबाग

झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन वापरतो. मशीन हातातच न्या, सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच. विमान कंपनीला आधी कळवा.

रत्नागिरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चिपळूणच्या दादांचं वाचून त्याच रात्री कळेच्या गोळीचं नाव शोधलं: प्रीगाबॅलिन आणि मिथिलकोबालामिन. झोपेची निघाली अल्प्राझोलाम. दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लेटरहेडवर स्वच्छ इंग्रजीत आजार, औषधांची मूळ नावं, डोस, दिवसांची संख्या लिहून नोंदणी क्रमांकासह सही-शिक्का दिला. झोपेची गोळी एकदम तोडायची नसते, ती कमी करत आणायला सुरुवात केली. पूर्ण सुटेपर्यंत निघायचं नाही असं ठरवून तिकीट तीन आठवडे पुढे नेलं. प्रीगाबॅलिनचा अर्ज भरला, आणि परवानगी काल मेलवर आली. ती छापून आईच्या पासपोर्टात ठेवलीय.

संध्याकाळी आईबरोबर मेडिकलमध्ये गेले. त्याने सवयीने कात्री उचलली. आईने काउंटरवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘बाबा, आख्खी पट्टी दे.’