एचपी५ प्लस (ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) ४०० ला की २०० ला? घरच्या घरी स्पीड टेस्ट कशी करायची?

पेठेतला_रोल
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. निकॉन एफएम२, ५० एमएम लेन्स, फिल्म एचपी५ प्लस, डेव्हलपिंग घरीच, डी-७६ डेव्हलपर १+१ (निम्मं पाणी) मधे २० डिग्रीला १३ मिनिटं. पुण्यातले जुने वाडे शूट करतोय. चौकातलं ऊन झकास येतं पण ओसरीचा आतला भाग, जिन्याखालची जागा, कोनाडे हे सगळं निगेटिव्हवर जवळपास कोरं, आणि प्रिंटमधे नुसतं काळं. मीटरिंग सावलीवर करून दोन स्टॉप कमी देतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे झोन तीन (झोन म्हणजे उजळपणाच्या एकेक स्टॉपच्या पायऱ्या, पाच मधला करडा), जसं सांगतात तसंच. आता जो तो म्हणतो बॉक्सवरचा ४०० हा तुझा ४०० नाही, स्वतःचा स्पीड (फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) काढ. पण जिथे वाचावं तिथे डेन्सिटोमीटर (निगेटिव्हचा काळेपणा मोजायचं यंत्र), तो कुठून आणू? आणि फिल्मचे भाव बघता टेस्टमधे रोलच्या रोल घालवायची तयारी नाही. डिजिटल कॅमेरा आहे, लाइट पॅड आहे, मित्राकडे एन्लार्जर (निगेटिव्हवरून प्रिंट काढायचं यंत्र) आहे.

लाल_बल्ब
डेन्सिटोमीटरचं सोडा, डिजिटल कॅमेरा आहे ना, झालं काम. रोलही एकच आणि त्याच्याही पहिल्या पाच-सहा फ्रेमच लागतील.

बाल्कनीतली किंवा खोलीतली एकसारख्या उजेडातली मॅट भिंत पकडा, फ्रेम पूर्ण भरा, फोकस इन्फिनिटीला म्हणजे भिंतीचं टेक्स्चर येणार नाही. कॅमेरा ४०० ला लावून उजेड असा निवडा की एफ/४ ला १/६० दाखवेल. मीटर दाखवतो तो झोन पाच, त्याच्या चार स्टॉप खाली झोन एक, म्हणजे एफ/१६. ही ४०० ची फ्रेम. आता शटरला हात लावायचा नाही, जुन्या शटरचा एक स्पीड दुसऱ्याशी जुळेलच असं नसतं, फक्त अपर्चर उघडत जायचं: १६ आणि ११ च्या मधे रिंग ठेवली की साधारण २८०, एफ/११ ला २००, ११ आणि ८ च्या मधे १४०, एफ/८ ला १००. एक फ्रेम लेन्स कॅप लावून, ही कोरी. प्रत्येक फ्रेमआधी मीटर परत बघा, ढग आला की सगळं मुसळ केरात. उरलेल्या रोलवर नेहमीचे फोटो काढा, अख्खा रोल जवळपास कोरा ठेवला तर १+१ डेव्हलपर नेहमीइतका वापरला जात नाही आणि टेस्ट तुमच्या रोजच्या कामाशी जुळत नाही.

धुऊन वाळवल्यावर लाइट पॅडवर ठेवा, आजूबाजूला काळा कागद, डिजिटल कॅमेरा मॅन्युअल आणि रॉमधे. कोऱ्या फ्रेमचा फोटो १/१२५ ला घ्या, मग बाकीच्या फ्रेमचे १/१०० ला. जी फ्रेम १/१०० ला कोरीइतकीच उजळ दिसते ती तुमची, कारण ०.१० डेन्सिटी (काळेपणा) म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, आणि झोन एकला बेसच्या, म्हणजे कोऱ्या फिल्मच्या, वर तेवढीच हवी असते. एफ/११ वाली जुळली तर तुमचा स्पीड २००.

वाळवण
वरचं बरोबर आहे पण एन्लार्जर असताना मी तरी कॅमेऱ्याच्या नादी लागणार नाही. कोरी फ्रेम लावा, ग्रेड २ (मध्यम कॉन्ट्रास्टचा) कागद, दोन-दोन सेकंदांची टेस्ट स्ट्रिप, आणि वाळल्यावर बघा, ओली स्ट्रिप फसवते. ज्या पट्टीपासून पुढे काळा आणखी काळा होत नाही तो वेळ धरायचा आणि त्याच वेळेला, त्याच उंचीवर बाकीच्या फ्रेम प्रिंट करायच्या. काळ्यापेक्षा किंचित उजळ दिसणारी पहिली फ्रेम तो तुमचा स्पीड. यात कागद, एन्लार्जर, डोळा सगळं येतं, शेवटी प्रिंटच बघायचीये ना.

आणि ते "अर्धा स्पीड लावा" हे काही उगाच आलेलं नाही. १९६० आधी अमेरिकन एएसए स्टँडर्डमधे सेफ्टी फॅक्टर धरलेला असायचा, तो काढून टाकल्यावर त्याच ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा आकडा जवळपास दुप्पट झाला. २०० ची ट्राय-एक्स ४०० ची झाली, इमल्शन न बदलता. म्हणजे अर्ध्या स्पीडने काढणारे जुने लोक फार काही वेगळं करत नव्हते.

पायऱ्या_मोजणारा
थांबा थांबा, सगळे टेस्टवर उडी मारताय. एफएम२ चं मीटर सेंटर-वेटेड आहे, ६० टक्के मधल्या गोलावर आणि ४० टक्के बाहेर. चौकात उभं राहून ओसरीच्या अंधारावर रोखलंत तर त्या बाहेरच्या ४० टक्क्यांत ऊन येतं, मीटर फुगतं, आणि त्यावर तुम्ही अजून दोन स्टॉप कापताय. हा फिल्मचा दोष नाहीच. आत जाऊन सावलीनेच फ्रेम भरेल इतक्या जवळून रीडिंग घ्या आणि मग बाहेर येऊन फोटो काढा. माझ्या मते अर्धा प्रॉब्लेम इथेच सुटेल, टेस्ट नंतर करा. (पाऱ्याच्या सेलवाला जुना कॅमेरा असता तर तो अजून एक घोळ, १.३५ व्होल्टच्या जागी १.५ चा सेल टाकला की मीटर चुकतं. एफएम२ ला ती भानगड नाही.)

संत्रानगरी
भाऊ, पाण्याचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात नळाचं पाणी ३० च्या वर, पुण्यातही उन्हाळ्यात २० डिग्री फुकटात मिळत नाही. बर्फाच्या टबात २० ला आणता आणि टाकी हातात धरून हलवता हलवता २३ होते, म्हणजे वेळ तोच पण डेव्हलपिंग जास्त, हायलाइट (उजळ भाग) फुटतात. सरळ २४ ला करा, साधारण ९ मिनिटं, आणि बारा महिने २४ च ठेवा. थर्मामीटर अर्धा डिग्री चुकीचा असला तरी चालेल, पण दर वेळी तोच वापरा. टेस्टही त्याच पाण्यात, नाहीतर तो स्पीड तुमचा नाही, त्या दिवसाच्या बर्फाचा.

पेठेतला_रोल
बापरे, मीटरचं एकदम पटलं, मी चौकातूनच रीडिंग घेतो. तरी टेस्ट करणारच. समजा २०० आला, तर वेळ १३ मिनिटंच ठेवायचा का? चौकात ऊन आणि आत अंधार, रेंज भयंकर असते.

लाल_बल्ब
नाही, वेळ कमी करावा लागेल बहुतेक. एक्सपोजर सावलीसाठी, डेव्हलपिंग हायलाइटसाठी. त्याच रोलवर, म्हणजे स्पीड कळायच्या आधीच, त्याच भिंतीच्या झोन आठच्याही दोन-तीन फ्रेम काढून ठेवा: ४०० साठी एफ/४ ला १/८, २०० साठी एफ/४ ला १/४. नंतर ठरलेल्या स्पीडची बघायची. लाइट पॅडवर कोरी १/१२५ ला, तर ही १/८ ला तितकीच उजळ दिसायला हवी, म्हणजे चार स्टॉप, डेन्सिटी १.२ च्या आसपास. १/४ लागलं तर डेव्हलपिंग जास्त होतंय, वेळ १५ ते २० टक्के कमी करून बघा.

फक्त वेळ कमी केला की सावलीही थोडी खाली सरकते, त्यामुळे वाड्यांसाठी मी अजून अर्धा स्टॉप देईन, १४० वगैरे.

वाळवण
आणि स्कॅनच करणार असाल तर पातळ निगेटिव्ह चालते हो, पण कोरी नाही. स्कॅनर जे नाहीच ते कुठून आणणार. शिवाय डेव्हलपर बदललात, रोडिनलला गेलात की टेस्ट परत पहिल्यापासून, त्यात स्पीड अजून कमी मिळतो.

पेठेतला_रोल
रोडिनल नको बाबा. या रविवारी भिंत, पुढच्या रविवारी एन्लार्जर, आकडा आला की इथेच टाकतो.