जर्सीवर देशाचे नाव असेल, तर रस्त्यावरचा निषेध कोणाविरुद्ध समजायचा?

येऊरचा चढ (ठाणे पश्चिम)
रविवारच्या सायकल फेरीनंतर आपल्या गटातील एका सदस्याने लिहिले की, ‘२०२५ ची व्हुएल्टा (स्पेनची तीन आठवड्यांची सायकल शर्यत) निदर्शकांनी बुडवली, खेळात राजकारण आणणाऱ्यांना तुरुंगात टाकले पाहिजे.’ दोन दिवस गप्प बसून पाहिले, जमले नाही. ती निदर्शने शर्यतीतील इस्रायल–प्रीमियर टेक या संघाविरुद्ध होती. त्या संघाचे मालक सिल्व्हन ॲडम्स स्वतःला इस्रायलचे स्वयंनियुक्त राजदूत म्हणवून घेतात, आणि २०१८ चा जिरो (इटलीची मोठी शर्यत) जेरुसलेममधून सुरू झाला तो मुख्यतः त्यांच्याच खटपटीमुळे. देशाचे नाव जगात चांगल्या अर्थाने घेतले जावे म्हणून जो संघ काढला, त्या देशाने गाझात युद्ध चालवले असताना लोकांचा राग त्या नावावर निघणार नाही, अशी अपेक्षा ठेवणे हा भाबडेपणा तरी आहे किंवा चलाखी तरी. रशियाच्या बाबतीत मार्च २०२२ मध्ये जागतिक सायकलिंग महासंघाने गाझप्रॉम–रुसव्हेलो या रशियन संघाचा परवाना काही दिवसांत काढून घेतला होता. त्या संघातील इटालियन आणि चेक खेळाडूही बेकार झाले, तेव्हा ‘खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा’ असे आपल्यापैकी किती जण म्हणाले होते?

पहाटे साडेपाच, पाम बीच
ते वाक्य माझेच आहे, तेव्हा नाव घेऊन लिहिले असते तरी चालले असते. पंधराव्या टप्प्यात झेंडा घेऊन रस्त्याकडे धावलेल्या माणसामुळे हाविएर रोमो पडला आणि पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. तो मोव्हिस्टारचा, म्हणजे स्पॅनिश संघाचा, स्पॅनिश खेळाडू. त्याचा गाझाशी काय संबंध? मॅथ्यू रिचिटेलो हा त्या इस्रायली संघातला अमेरिकी मुलगा तीन आठवडे घाट चढून पाचवा आला, सर्वोत्तम तरुण खेळाडूची पांढरी जर्सी त्याने मिळवली, आणि माद्रिदचा शेवटचा टप्पा अर्ध्यात सोडावा लागल्यामुळे विजेत्यांचा सोहळा एका हॉटेलच्या वाहनतळात, बर्फाच्या पेट्यांवर उभे राहून उरकावा लागला. शिवाय हा संघ सरकारचा नव्हता. पैसा ॲडम्स यांचा होता आणि खेळाडू बहुतांश परदेशी होते. गाझप्रॉम ही सरकारी कंपनी. दोघांना एकाच तराजूत घालणे हा युक्तिवाद नव्हे, हातचलाखी आहे.

जुना पेलोटॉन
दोघेही असे लिहीत आहात, जणू हे पहिल्यांदाच घडले. १९७८ च्या व्हुएल्टात उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातील सान सेबास्तियनला तिथल्या निदर्शनांमुळे शेवटचा टप्पा रद्द झाला आणि त्यानंतर ही शर्यत त्या प्रदेशात पुन्हा गेली ती थेट २०११ मध्ये. १९८२ च्या टूर द फ्रान्समध्ये पोलाद कामगारांनी सांघिक टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्धची शर्यत) होऊ दिली नाही. १९८४ च्या पॅरिस–नीस शर्यतीत जहाजबांधणी कामगारांनी वाट अडवल्यावर फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो सायकलवरून उतरून थेट गुद्द्यांवर आला. सायकल शर्यतीला तिकीट नसते आणि दोनशे किलोमीटरला कुंपण घालता येत नाही. ज्याला सरकारपर्यंत आवाज पोहोचवायचा आहे, त्याला एवढे कॅमेरे दुसरीकडे कुठे मिळणार?

घोडबंदरचा प्रवासी
रस्ता अडवण्याचे हे कौतुक मला वाचवत नाही. काही वर्षांपूर्वी वडिलांना डायलिसिससाठी नेत असताना गायमुखजवळ एका रास्ता रोकोत आम्ही पावणेदोन तास अडकलो होतो. मागणी कोणाची होती आणि ती मान्य झाली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. वडिलांचा मागच्या सीटवरचा चेहरा मात्र आठवतो.

पहाटे साडेपाच, पाम बीच
मी हेच म्हणत होतो.

उरण फाटा
नाही साहेब, आपण हे म्हणत नव्हता. आपण तुरुंगाची भाषा केलीत आणि ती आमच्या घरात फार जुनी आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी जे रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. माझे वडील त्या गर्दीत होते. आज ज्या साडेबारा टक्क्यांच्या (जमीन गेलेल्यांना परत मिळालेल्या) भूखंडांवर उभ्या असलेल्या इमारतींत आपल्यापैकी कित्येक जण राहतात, ती योजना त्या रस्त्यातून आली, कुणाच्या अर्जातून नव्हे. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून २०२१ च्या जूनमध्ये आम्ही मानवी साखळी केली, सिडकोला घेराव घातला, तेव्हाही वाहतूक खोळंबली. ती खोळंबली नसती, तर वर्तमानपत्राच्या कोणत्या पानावर दोन ओळी आल्या असत्या, ते सांगा.

घोडबंदरचा प्रवासी
आपल्या वडिलांबद्दल आदर आहे. पण ज्याची जमीन गेली त्याने रस्त्यावर बसणे आणि माद्रिदमध्ये राहणाऱ्याने तिसऱ्याच देशातील युद्धासाठी चौथ्या देशातील सायकलस्वाराला अडवणे, हे एकच आहे का?

उरण फाटा
एकच नाही. पण १९८४ मध्येही बाहेरगावचे लोक आमच्या बाजूने उभे राहिले होते आणि ‘तुमची कुठे जमीन गेली?’ असे त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि दादा, घोडबंदरला अडकायला आंदोलन लागते, हे आजच समजले.

घोडबंदरचा प्रवासी
माझ्या वडिलांच्या आजारपणावर विनोद करायचा असेल, तर माझा रामराम.

उरण फाटा
विनोद रस्त्यावर होता, वडिलांवर नव्हे. तरी दुखावले असेल, तर माफ करा.

माजी गोविंदा, नौपाडा
रस्त्याचाच विषय निघाला आहे, तर पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी तिकडचे रस्ते कसे गुळगुळीत झाले, ते पाहा. आम्ही मात्र कर भरून खड्डेच मोजतो. असो. मूळ मुद्द्याबद्दल एवढेच, की मी तिसऱ्या थरावर आठ वर्षे उभा राहिलो आणि दरवर्षी छातीवर वेगळ्या नेत्याचा फोटो असे. टी-शर्ट मंडळ देत असे, आम्ही घालत असू. त्या फोटोबद्दल कोणी मला थरावरून ओढले असते, तर ते मला न्याय्य वाटले नसते.

येऊरचा चढ (ठाणे पश्चिम)
गोविंदाचा मुद्दा मला लागला. रोमो पडायला नको होता, आणि धावत्या पेलोटॉनसमोर (सायकलस्वारांच्या घोळक्यासमोर) शिरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण बिल्बाओत विजेत्याविना संपलेला टप्पा किंवा वायादोलिदमध्ये २७.२ वरून १२.२ किलोमीटरवर आलेली टाइम ट्रायल यांत कोणाची हाडे मोडली नाहीत. माद्रिदच्या रस्त्यावर, तिथल्या सरकारी अंदाजानुसार, सुमारे एक लाख लोक उतरले होते. एवढ्यांना कोणत्या तुरुंगात ठेवणार? आणि शर्यत चालू असतानाच संघाने जर्सीवरून ‘इस्रायल’ हा शब्द काढला, तो कोणाच्या विनंतीपत्रामुळे?

पहाटे साडेपाच, पाम बीच
तुरुंगाचा शब्द मागे घेतो. आता तो संघ स्वित्झर्लंडच्या परवान्यावर, एनएसएन या नावाने धावतो. तेव्हा रस्ता अडवल्याने काम होते, हे सिद्ध झाले, सर्वांचे अभिनंदन. पुढच्या वेळी ज्या कारणाशी आपले पटणार नाही, त्या कारणासाठीही कोणी रस्ता अडवील, तेव्हा मी हा धागा वर काढीन. तूर्त एकच विचारतो. देशाच्या नावाचा एवढा तिटकारा असलेले आपण दर रविवारी पाम बीचवर जी पांढरी जर्सी घालून येता, तिच्या छातीवर काय लिहिलेले असते?

येऊरचा चढ (ठाणे पश्चिम)
ती त्या संघाच्या पोगाचार या खेळाडूमुळे घेतली.

उरण फाटा
साहेब, पोगाचारचे नाव पाठीवरही नाही. छातीवर मात्र अमिरातीचे आहे, आणि सुदानच्या युद्धात त्या देशावर कोणते आरोप होतात, हे आपल्याला मी सांगायला नको. ते आरोप अमिराती नाकारते, हेही खरे.

जुना पेलोटॉन
बाहरीन आणि कझाकस्तानचा अस्ताना हे संघ राहिले. कोणाकडे त्यांच्या जर्सी असतील, तर आताच सांगून टाका.

येऊरचा चढ (ठाणे पश्चिम)
ॲडम्स खासगी मालक म्हणून सुटतात, तर अमिरातीच्या संघाला तीही पळवाट नाही, हे मान्य करावे लागते. माझा मूळ मुद्दा त्याने खोटा पडत नाही, उलट माझ्याच अंगावर येतो. या रविवारी मी साधा टी-शर्ट घालून येईन. तीन हजार रुपयांच्या जर्सीचे काय करायचे, ते अजून ठरवलेले नाही.

माजी गोविंदा, नौपाडा
माझ्याकडे नेत्यांचे आठ टी-शर्ट आहेत. दुचाकी पुसायला उत्तम.