मदत हवी आहे : सांगोल्याच्या निकालांचा तक्ता जुळत नाही, एक विजय कमी पडतोय

माणकाठ (धागाकर्ता)

मंडळी, गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर लावायला सांगोला (जि. सोलापूर) विधानसभेचा १९६२ पासूनचा तक्ता करतोय. साल, विजयी उमेदवार, पक्ष, मताधिक्य, एवढंच. सोपं काम म्हणून हो म्हणालो, आता तीन रविवार गेले त्यात.

निवडणूक आयोगाचे जुने सांख्यिकी अहवाल उतरवून घेतले आणि एकेक साल वहीत मांडलं. गणपतराव देशमुख, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) : १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा. दहा होतात. आणि सगळीकडे तर छापून येतं की आबासाहेब, म्हणजे गणपतराव, अकरा वेळा निवडून आले. अकरावा कुठं गेला?

दुसरा घोळ घरातला आहे. वडील शेकापचे जुने. ते छातीवर हात ठेवून सांगतात, "आबासाहेब एकदाच पडलं, पंच्याण्णवला. ते बी एकशे ब्याण्णव मतानं." पण १९७२ च्या रकान्यात मला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील दिसतात. मी चुकीचा मतदारसंघ बघतोय का? शंका यायचं कारण म्हणजे दर अहवालात सांगोल्याचा अनुक्रमांक वेगळाच निघतो.

शनिवारी तक्ता फ्लेक्सवाल्याकडे द्यायचाय. चुकीचं छापलं तर पारावरची माणसं सोडणार नाहीत.

जुनी_कात्रणं

तुझा मतदारसंघ बरोबर आहे, बेरीजही बरोबर आहे. अहवाल अपुरा आहे. आयोगाचे ते अहवाल सार्वत्रिक निवडणुकीचे असतात, मधली पोटनिवडणूक त्यात येत नाही. सांगोल्याची जागा मध्येच रिकामी झाली आणि १९७४ ला पोटनिवडणूक लागली. ती गणपतरावांनी जिंकली. हा तुझा अकरावा.

आता वडिलांचं. १९७२ ला गणपतराव पडले, हे खरंच आहे. पण दोन वर्षांत परत आले. त्यात ती विधानसभा लांबली. मार्च १९७२ ची विधानसभा खरं तर १९७७ ला संपायची, पण आणीबाणीत मुदत वाढली आणि निवडणूक १९७८ ला झाली. म्हणजे त्या एका विधानसभेत दोन वर्षं ते बाहेर होते आणि जवळजवळ चार वर्षं आत. माणसांच्या लक्षात चार राहिली, दोन गळाली. पंच्याण्णवचं तसं झालं नाही, तिथं ती विधानसभा संपेपर्यंत बाहेर राहावं लागलं, म्हणून ते डोक्यात बसलंय.

माणकाठ

आईशप्पथ. मग तक्त्यात १९७२ ची ओळ एक की दोन?

जुनी_कात्रणं

दोनच कर. १९७२ काकासाहेब, खाली १९७४ गणपतराव, कंसात 'पोटनिवडणूक'. एका ओळीत कोंबलंस तर पुढचा माणूस पुन्हा तुझ्यासारखाच धागा काढेल.

डाळिंबवाला

अनुक्रमांकाचं मी सांगतो. महाराष्ट्राच्या जागाच बदलत गेल्या. १९६२ ला २६४ होत्या, १९६७ ला २७०, १९७८ पासून २८८. जागा वाढल्या की पुढचे आकडे सरकतात. २००९ पासून सांगोला २५३ आहे आणि माढा लोकसभेत आहे. त्याच वेळच्या मतदारसंघ फेररचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ आपल्यात आलं. त्यामुळे २००४ च्या आणि २००९ च्या मतांची सरळ तुलना करू नकोस, जमीनच वेगळी आहे. आणि शोधताना 'सांगोले' टाकून बघ. कागदोपत्री बऱ्याच ठिकाणी तेच नाव आहे. मी स्वतः अर्धा दिवस घालवलाय त्यात.

बसस्टँड_चौक

मताधिक्याचा रकाना ठेवतोयस ते झ्याक. या मतदारसंघाची खरी गंमत तिथंच आहे. १९९५ ला शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून १९२ मतांनी आले. २०१४ ला तेच बापू शिवसेनेकडून उभे होते आणि आबासाहेबांनी पंचवीस हजारांच्या वर मतांनी त्यांना हरवलं. २०१९ ला आबासाहेब वयामुळे थांबले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि बापू ७६८ मतांनी आले. म्हणजे आजोबा १९२ नं, नातू ७६८ नं, समोर माणूस तोच. दोन्ही मिळून ९६० मतं. एका मोठ्या गावाच्या दोन बूथांवर एवढी मतं पडतात राव.

२०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले, पंचवीस हजारांच्या पुढं. त्या वेळी शेकापची राज्यात ती एकच जागा. बापू या वेळी शिंदेंच्या शिवसेनेकडून आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे दीपकआबा साळुंखे तिसरे. तक्त्यात नुसतं 'आबा' लिहू नकोस, भांडणं लागतील.

पाहुणा_पुणेकर

बापू म्हणजे काय झाडी, काय डोंगार वाले ना?

बसस्टँड_चौक

हो, तेच. शिंदेंच्या बंडात गुवाहाटीहून केलेला तो फोन गाजला आणि बाहेरच्यांना सांगोला २०२२ च्या जूनमध्ये कळला.

माणकाठ

सगळ्यांचे आभार. अजून एक अडकलंय. तक्त्याच्या खाली एक ओळ टाकायचीय, 'एवढी वर्षं आमदार'. कोणी पन्नास म्हणतं, कोणी पंचावन्न. काय धरू?

जुनी_कात्रणं

ऐकीव आकडा घेऊ नकोस, मांड. १९६२ ते ७२ दहा. १९७४ ते ९५ एकवीस. १९९९ ते २०१९ वीस. एकावन्नच्या आसपास. १९६२ पासून २०१९ पर्यंत सलग धरलं तर सत्तावन्न होतात, त्यातून पडलेल्या काळाची सहा वर्षं काढ. बाकीचे आकडे लोक कुठून आणतात देव जाणे.

आणि 'अकरा वेळा' म्हणजे पाच-पाच वर्षांच्या अकरा पाळ्या नव्हेत. १९७८ ची विधानसभा दोनच वर्षांत बरखास्त झाली, म्हणून ८० ला लगेच निवडणूक लागली. ७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आबासाहेब मंत्री होते, पुन्हा १९९९ ला विलासरावांच्या. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर.

डाळिंबवाला

३० जुलै २०२१ ही निधनाची तारीख पण टाक खाली.

माणकाठ

टाकतो. तक्ता पूर्ण झाला, आत्ताच वडिलांना वाचून दाखवला. १९७४ ला मान डोलावली. १९७२ वर बोट ठेवून बराच वेळ बघत बसले, चष्मा पुसला, परत बघितलं. मग म्हणाले, "बरं असंल. पण ती ओळ जरा बारीक अक्षरात छाप."

फ्लेक्सवाल्याला एकाच मापाची अक्षरं सांगितलीत. धागा बंद केला तरी चालेल.