कडुनिंबाच्या अर्काने एमआरएसए हरला का?

रानवाटा: आमच्या महाविद्यालयीन प्रकल्पात जिवाणू वाढवायच्या आगरच्या (जेलीसारख्या थराच्या) बशीत कडुनिंबाच्या अर्काभोवती जिवाणू न उगवलेले १८ मिलिमीटरचे स्वच्छ वर्तुळ मिळाले. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस; अशा प्रतिरोधी जिवाणूंवरचे औषध परसात असताना डॉक्टर त्याकडे पाहतसुद्धा नाहीत.

पेट्रीडिश: असे प्रकल्प मी वीस वर्षे तपासत आलो आहे, म्हणून गप्प राहवत नाही. वर्तुळाचा आकार अर्कातला रेणू आगरमधून किती सहज पसरतो यावरही ठरतो, त्यामुळे निव्वळ मिलिमीटर सांगून काही सिद्ध होत नाही. शेजारच्या खळग्यात तुलनेसाठी नुसते इथेनॉल, म्हणजे अर्काचा द्रावक, घातले होते का? आणि जिवाणूचा स्ट्रेन (वाण) कोणता होता? महाविद्यालयांत सर्रास वापरला जाणारा एटीसीसी २५९२३ हा स्टॅफिलोकॉकसचा स्ट्रेन नेहमीच्या प्रतिजैविकांनीच मरतो. त्याला मारून एमआरएसए हरत नाही. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक एमआरएसएला बहुधा मिलिलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये रोखते, कच्च्या अर्काला मात्र पुष्कळदा हजारांच्या घरात मात्रा लागते. ती रक्तात पोहोचवणार कशी?

दारुहळद: सर, तुम्ही प्रत्येक अर्काला एका रेणूच्या मापाने मोजता, हीच माझी जुनी तक्रार आहे. दारुहळदीतला जिवाणूरोधक रेणू बर्बेरिन एकटा दिला की स्टॅफिलोकॉकस तो आपल्या पेशीतल्या नॉरए नावाच्या पंपाने बाहेर फेकतो. पण दारुहळदीच्या अमेरिकेतील भावंडांमध्ये तो पंप अडवणारा दुसरा रेणू असतो, हे २००० साली तिथल्याच संशोधकांनी दाखवले. त्या दुसऱ्या रेणूला एकट्याने जिवाणू मारता येत नाहीत, म्हणजे तुमच्या चाळणीत तो पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

पेट्रीडिश: बाद झाला असता, हे मला मान्य करावे लागते. पण तो रेणू कोणीतरी वेगळा काढला, म्हणूनच आज तुम्ही त्याचे उदाहरण देऊ शकता.

परिचारिका: रक्ताचा प्रश्न जखमेवरच्या लेपाला लागू नाही, असे आता कोणी म्हणण्याआधी माझे ऐका. माझ्या आईच्या पायाच्या मधुमेही जखमेवर शेजाऱ्यांच्या आग्रहाने तीन आठवडे पाल्याचा लेप लावला. कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतले जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीत, एमआरएसए निघाला तेव्हा दोन बोटे काढावी लागली.

दारुहळद: आपल्या आईबद्दल मनापासून वाईट वाटते, परंतु निर्जंतुक न केलेला पाला आणि प्रमाणित अर्क यांना एकाच पारड्यात घालू नका.

परिचारिका: घरात प्रमाणित अर्क कोणाकडे असतो? लोक “१८ मिलिमीटर” वाचतात आणि पाला वाटतात!

नाक्यावरचा: पाल्यावर एवढे तुटून पडता, मग औषधाच्या दुकानांचे काय? सेफिक्झिम हे प्रतिजैविक २०१४ पासून शेड्यूल एच-१ या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे, रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहिणे बंधनकारक आहे, तरी आमच्या गल्लीत चिठ्ठीशिवाय तीन गोळ्या सुट्या मिळतात. प्रतिरोध तिथेही तयार होतो.

पेट्रीडिश: खरे आहे, पण त्याने कडुनिंबाचा दावा सिद्ध होत नाही.

रानवाटा: इथेनॉलचा खळगा ठेवला नव्हता आणि स्ट्रेन २५९२३च होता. मथळ्यातला एमआरएसए मी काढतो. प्रकल्प टाकाऊ होता हे मात्र मी मान्य करणार नाही. तोच अर्क सुकवून, वजन करून, मायक्रोडायल्यूशनने, म्हणजे पातळ करत करत जिवाणू रोखणारी किमान मात्रा शोधून, पुन्हा तपासणार आहे.

पेट्रीडिश: मग द्रावकाचा कंट्रोल त्याच प्लेटवर ठेवा आणि आकडा कितीही वाईट आला तरी तो इथेच लिहा.