जुन्या डिझेल ट्रकमध्ये बायोडिझेल घालावं का? सांगली-साताऱ्याच्या गाडीवाल्यांनी बोलावं

कुपवाडचा गाडीमालक
माझी दहाचाकी जुनी आहे, इनलाइन पंपाची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंधन ढकलणाऱ्या जुन्या यांत्रिक पंपाची. सांगली मार्केट यार्डातून हळद भरून मुंबईला जाते. तिच्या डिझेलमध्ये मी वीस टक्के बायोडिझेल, म्हणजे तेलापासून बनवलेलं इंधन मिसळतो आणि पुढेही मिसळणार. पुण्याहून परतताना खंबाटकी चढताना धूर आधीपेक्षा कमी दिसतो, पंपाला वंगणही बरं मिळतं. आणि हे काही आजचं खूळ नव्हे, 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर डिझेल इंजिन चालवून दाखवलं होतं. तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यात वापरायचं नाही, असा नियम 2018 पासून आहे. ते तेल पुन्हा भज्यांच्या कढईत जाण्यापेक्षा प्रक्रिया होऊन बायोडिझेल म्हणून टाकीत गेलेलं काय वाईट?

कराडचा पंप-नोझल मिस्त्री
आण्णा, तुमच्या शेंगदाणा तेलाचं आणि बायोडिझेलचं नातं लांबचं आहे. तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं, धुऊन पाणी उडवलं, तरच त्याला बायोडिझेल म्हणायचं. माझ्याकडे पंप येतात ते बघा. हायवेच्या कडेला टाकी मांडून 'बायोडिझेल' म्हणून जे विकतात, त्यात प्रक्रिया न केलेलं तेल नाहीतर कसलं तरी सॉल्व्हंट असतं. पंपातले प्लंजर (दट्टे) ओरखडलेले, नोझलच्या टोकाला कोळशाचा थर. गाडीवाला लिटरमागे चार पैसे वाचवतो आणि पंपाच्या कॅलिब्रेशनला (जुळवणीला) सगळे घालवतो. पोटतिडकीनं सांगतोय, ही माणसं कर्ज काढून गाडी चालवतात.

आणखी एक. माल चांगला असला तरी तो जुन्या टाकीतला गाळ सोडवतो आणि सगळा फिल्टरला आणून बसवतो. गाडी घाटात मिसिंग करते आणि लोक पंपाला दोष देतात. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पितळ-तांब्याच्या जोडांशीही त्याचं जमत नाही.

कुपवाडचा गाडीमालक
मिस्त्री, गाळाचं मान्य. म्हणून तर सुरुवातीला फिल्टर लवकर बदलायचे आणि नळ्या व्हायटॉनच्या, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या खास रबराच्या टाकायच्या. पण भेसळीचं पाप चांगल्या मालावर का? बॅच रिपोर्ट मागा, शुद्ध बायोडिझेलला आयएस 15607 हे मानक आहे. हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) लावा, घनता 0.86 ते 0.90 मध्ये यायला हवी. 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली माल हलवून ठेवा, तळाला तेल बसलं तर प्रक्रिया अर्धवट आहे. मिथेनॉल विषारी, हे काम उघड्यावरच करायचं.

साताऱ्याचा ट्रान्सपोर्टवाला
जुन्या गाडीचं तुमचं तुम्ही बघा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत हा प्रयोग कुणी करू नये. तिच्या कॉमन रेलला, म्हणजे जास्त दाबाच्या इंधन यंत्रणेला, फार बारीक नोझल असतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला सिलिंडरमध्ये जादा इंधन जातं, त्यातलं बायोडिझेल उडून न जाता इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. कंपनी वॉरंटीला हात वर करणार. शिवाय पंपावरच्या डिझेलमध्येच 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, वर आपण कशाला ओतायचं?

वाळव्याचा ऊसवाहतूकदार
आमची अडचण वेगळी. गळीत हंगाम संपला की गाड्या पावसाळाभर उभ्या. बायोडिझेल पाणी ओढतं, आंबतं, टाकीत शेवाळासारखी घाण धरते. रोज पळणाऱ्या गाडीला चालत असेल, उभ्या गाडीला अजिबात नको.

कुपवाडचा गाडीमालक
दादा, उभी गाडी साध्या डिझेलवरच ठेवावी, इथे वाद नाही. बीएस-6 मध्येही मी घालणार नाही. माझं म्हणणं रोजच्या जुन्या गाडीपुरतं आहे.

कराडचा पंप-नोझल मिस्त्री
मग भावाचंही बोला. शुद्ध बायोडिझेलात लिटरमागे ऊर्जा साधारण 7 टक्के कमी, वीस टक्के मिश्रणात ॲव्हरेज एक-दोन टक्क्यांनी उतरणारच. शिवाय 2019 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत विक्रीची मुभा आहे ती डिझेलमध्ये मिसळण्यासाठी. तो रस्त्याकडेचा टाकीवाला पक्की पावती देतो का, एवढं आधी विचारा. देत नसेल तर माझ्या दारात पंप आणू नका.