'लाइव्ह चालवा, बॅकअपची गरज नाही' म्हणणाऱ्यांनो

चौकटीबाहेर: परवा एकाने छातीठोकपणे लिहिलंय, "विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तर संपला. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स लावा, हार्डडिस्कला हात लागत नाही, बॅकअप कशाला?"

लाइव्ह सेशन, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवणं, आपणहून डिस्कवर काही लिहीत नाही, मान्य. पण डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं आयकॉन मांडून ठेवलेलंच असतं ना! नवखा माणूस वायफाय बघतो, आवाज बघतो, खूश होतो आणि तिथे डबलक्लिक करतो. पुढे 'अलाँगसाइड' (विंडोजच्या शेजारी लावा) आणि 'इरेज डिस्क' (अख्खी डिस्क पुसा), एकाखाली एक. ज्याचे फोटो "डी ड्राइव्हवर सेफ" आहेत, त्याला कोण सांगणार की सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे आहेत, इरेज दोन्ही साफ करतं?

कर्नलकाका: झालं, रडगाणं सुरू. समोर लिहिलेलं न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट करणाऱ्याला देवही वाचवणार नाही. एवढी धास्ती असेल तर व्हर्च्युअलबॉक्स वापरा, विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालवा.

निळीशाई: व्हर्च्युअलबॉक्समध्ये खरं वायफाय कार्ड नि ग्राफिक्स कुठे तपासता येतं? आणि बिटलॉकरबद्दल, विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनबद्दल, कोणीच का बोलत नाही? मेहुण्याने सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिमची सही तपासणारी सोय) बंद केलं, परत विंडोजमध्ये जायला गेला तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. एन्क्रिप्शन चालू आहे हेच त्याला माहीत नव्हतं. की ऑनलाइन खात्यात सापडली, पण तोवर घरात सुतक.

कर्नलकाका: बंद करायला सांगितलं कोणी? उबुंटू, फेडोरा हे लिनक्सचे प्रकार सिक्युअर बूट चालू ठेवूनही चालतात.

निळीशाई: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर ड्युअल बूटवाल्यांची (एकाच मशीनवर विंडोज नि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची) लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून अडली होती. विसरलात वाटतं सोयीस्करपणे.

ढगातला_माणूस: कसला बॅकअप घेऊन बसलात? माझं सगळं क्लाउडला सिंक होतं.

चौकटीबाहेर: सिंक म्हणजे बॅकअप नाही! इथे उडवलं की तिथेही उडतं.

ढगातला_माणूस: ट्रॅशमध्ये राहतं की महिनाभर.

चौकटीबाहेर: आणि तुम्हाला दोन महिन्यांनी कळलं तर? आमच्या मावशीने "फोन भरला" म्हणून फोटो उडवले, क्लाउडवरचेही गेले. लग्नाचा अख्खा अल्बम. तिला जाऊन सांगा ट्रॅशचं.

ढगातला_माणूस: मावशीने लिनक्स लावलं होतं का? मग इथे काय संबंध?

चौकटीबाहेर: संबंध तुम्हीच काढलात, साहेब.

वाटसरू: भांडण चालू द्या, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. नाहीतर ते नीट शटडाउनच होत नाही आणि लिनक्सला विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा तुकडा) अर्धवट अवस्थेत मिळतं. तशा अवस्थेत ते जबरदस्तीने माउंट करून (लिनक्समध्ये उघडून) लिहिलंत तर फाइल्स खराब.

कर्नलकाका: बरं बाबांनो, घ्या बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइल्स उघडून बघा, केबल काढा, मगच इन्स्टॉलर. त्याहून भित्रे असाल तर जुनी एसएसडी (लॅपटॉपातली डिस्क) काढून कपाटात ठेवा, नवीवर खेळा. झालं समाधान?

ढगातला_माणूस: एसएसडी काढा म्हणे! माझ्या लॅपटॉपात ती बोर्डलाच सोल्डर केलेली आहे. बोर्ड ठेवू कपाटात?